वळशातली गाडी

“एका वेळी एकच.”

हे त्याचं बोलणं. जेवताना दोघं एकदम वाढायला आले की म्हणायचा. दोन पाहुणे एकाच वेळी बोलायला लागले की म्हणायचा. आणि बिघडलेल्या मोटारीपुढे टेस्टर घेऊन उकिडवा बसला, की मग तर हमखास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, मग दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तर कशानं झालं ते कळायचं कसं? आणि कशानं झालं ते कळलं नाही, तर दुरुस्त केलं असं सांगायचं कुठल्या तोंडानं?

साबणाच्या कारखान्यात तो चौतीस वर्षं इलेक्ट्रिक फिटर होता. ठेंगणा, रुंद पंजांचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. गल्लीत त्याला ट्रिपकाका म्हणत. घरातला मेन ब्रेकर त्यानं स्वतः बसवलेला, आणि तो इतका हळवा, की ओल्या हातानं कुणी इस्त्रीला हात लावला तरी खट्कन पडायचा, ‘ट्रिप’ व्हायचा, आणि सगळं घर बंद. बायको म्हणायची, “लोकांच्या घरात नवरे रुसतात. माझ्या घरात स्विच रुसतो.” ऐकणारे हसायचे, तोही हसायचा. पण ब्रेकर काही सैल करायचा नाही. कुणी फारच लावून धरलं तर म्हणायचा, “पडतो म्हणून त्याला ब्रेकर म्हणायचं. पडला नाही तर तो भिंतीवरचा खिळा.”

लोकांना ही त्याची खोड वाटायची. त्या खोडीच्या मुळाशी काय होतं ते त्याच्या एकट्याच्या पोटात होतं. ते इथंच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

त्याला एक थोरली बहीण. ताईला एकुलता एक मुलगा. मुलाचं शिक्षण संपलं तेव्हा मामानंच साहेबांच्या मागे लागून त्याला कारखान्यात चिकटवलं आणि आपल्या हाताखाली घेतलं. पोरगा कामाला चोख, जिभेला गोड. दोन वर्षांत मामाचा उजवा हात झाला. साबणाच्या कारखान्याची जमीन कायम ओली. धुतल्याशिवाय तिथं पाऊल टाकता येत नाही. त्या ओलीनं मोठ्या मिक्सरचा ब्रेकर सारखा पडायचा, आणि अर्धवट घोटलेला माल दगड होऊन बसायचा. शिफ्टचा साहेब एकदा वैतागून म्हणाला, “अहो, त्याला जरा थांबून पडायला सांगा! सेकंदभर दम धरला तर काय जातं त्याचं?” मामानं स्क्रूड्रायव्हर घातला आणि ब्रेकरचा नॉब शून्यावरून एकावर आणला. एक सेकंद. ब्रेकर पडायचा थांबला. साहेब खूश, माल खूश. नवव्या दिवशी भाचा त्याच मिक्सरच्या पत्र्याला हात टेकून उभा होता, आणि आतली एक सोललेली तार पत्र्याला लागली. ब्रेकर पडला. पण सेकंदभर दम धरून पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकशीची माणसं यायच्या आधी, मामा एकटाच मिक्सरपाशी गेला आणि नॉब परत शून्यावर फिरवून आला. चौकशीवाल्यांनी लिहिलं: जुनी तार, ओली जमीन, दुर्दैव. ताईनं ते वाचलं. भाऊजींनी वाचलं. तो शेजारीच उभा होता. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही.

त्याला अकरा वर्षं झाली.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. मुलगा गेल्यावर वर्षभर ते लांबट खोलीत खिडकीशी नुसते बसून असत. मग एक दिवस त्यांनी फळ्या आणल्या. खिडकीलगतच्या पलंगावरून समोरची सगळी भिंत दिसायची; त्या भिंतीला धरून त्यांनी कमरेएवढ्या उंचीवर एक मुलूख उभा करायला घेतला. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून डोंगर, छत्रीच्या काड्यांचा पूल, रंगवलेल्या भुशाची शेतं, स्पंजाची झाडं, बारीक दिव्यांचं एक स्टेशन. आणि त्यातून जाणारे विताहून अरुंद रूळ. मधे एकेरी मार्ग, आणि दोन्ही टोकांना रूळ गोल फिरून परत आपल्याच वाटेला मिळतो असा एकेक वळसा. गाडी इकडून निघायची, पूल ओलांडायची, वळशात शिरून तोंड फिरवायची आणि आल्या वाटेनं परत यायची. नुसती गोल गोल फिरणारी गाडी भाऊजींना नको होती. “गेलेली परत आली पाहिजे,” असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हा तो फळीखाली उताणा पडून तारा जोडत होता. त्यानं वर बघितलं नाही.

कारण तारांचं काम त्याच्याकडे होतं. दहा वर्षं दर रविवारी तो यायचा. वर भाऊजी झाडं चिकटवायचे, खाली तो तारा आवळायचा. दोघांत बोलणं व्हायचं ते तारेच्या रंगापुरतं. पहिल्याच रविवारी त्यानं आपल्या हातानं बनवलेली एक डबी फळीखाली, कंट्रोलच्या मुख्य तारेवर, ठोकून दिली होती. आत ब्रेकर, बाहेर नॉब आणि पडलेला ब्रेकर परत चालू करायचं लाल बटण. नॉब शून्यावर.

आता त्या वळशात एक मेख असते. डावा रूळ ही एक तार आणि उजवा रूळ ही दुसरी. माणसानं पाठ फिरवली की त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो ना, तसा वळशातून फिरून आलेला डावा रूळ नेमका उजव्याला येऊन भिडतो. दोन तारा भिडल्या की शॉर्ट. म्हणून वळशाचा रूळ दोन्ही टोकांना कापून, बारीक फट ठेवून, वेगळा करायचा. आणि गाडी आत असतानाच तेवढ्या तुकड्यातली वीज उलटी करायची. गाडी डिजिटल होती. तिला हुकूम रुळांतूनच, नंबरानं जायचा, आणि इंजिनाच्या पोटातली चिप तो ऐकायची. त्यामुळे वीज उलटली तरी गाडी आपली पुढेच चालायची. उलटापालट करायला भाऊजींनी पलंगाशी दोन खटके लावून घेतले होते. गाडी वळशात शिरली की उजव्या हातानं खट्. दहा वर्षांत त्यांचा हात एकदाही चुकला नाही. वर्तमानपत्र वाचता वाचता ते खटका टाकायचे.

मग एका सकाळी भाऊजींचं उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा ते डोळे उघडे ठेवून पडून असत आणि तोंड मिटून. चमचा ओठांना लावला की दात घट्ट. ताईनं गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं, रडून बघितलं. एक दिवस तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं गाडी चालू केली. गाडी पुलावर आली आणि भाऊजींचा जबडा सैल झाला. चमचा आत गेला. गाडी वळशात शिरली, ताईच्या हातात वाटी, खटका कोण टाकणार? गाडी थांबली. दात मिटले.

तेव्हापासून ती एका हातानं भरवायची आणि दुसऱ्या हातानं खटका टाकायची. चार घास जायचे, पाचव्याला खटका चुकायचा. आणि ती तरी घरी किती दिवस असणार? इस्पितळाच्या धुलाईत चादरी इस्त्री करायचं तिचं काम. रजा संपत आली होती.

गुरुवारी तिनं भावाला बोलावून घेतलं. दारातच म्हणाली, “धाकल्या, सोमवारपासून मला कामावर जायचंय. दुपारी समोरच्या शिवणवाल्या बाई येऊन ह्यांना भरवते म्हणाल्यात. पण त्यांना ते खटकेबिटके जमायचे नाहीत, त्यांनी आधीच हात जोडलेत. गाडी आपली आपण चालली तर हे घरी राहतील. नाही तर...”

“नाही तर काय?”

“मी नाव घालून आलेय. ते टेकडीपलीकडचं मोठं घर आहे ना, तिथं. जागा आहे म्हणाले. नळी घालतात नाकातून.” तिनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते. “तिथं सगळे छताकडे बघत असतात रे.”

तो म्हणाला, “चालेल गाडी.”

बाजारात तयार बोर्ड मिळतो, काडेपेटीएवढा. तो वळशाच्या तुकड्याला जोडला की गाडीची चाकं फटीवर येऊन शॉर्ट झाला रे झाला, की बोर्ड डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज उलटी करतो. माणसाच्या हाताची गरजच नाही. ताईचे खटके चुकतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो असे दोन बोर्ड घेऊनच आला होता. सोबत तीन पानांचा कागद. कागद त्यानं पहिल्याच दिवशी फळीखाली बसून वाचला. तिसऱ्या पानावरच्या चार ओळी त्यानं पुन्हा वाचल्या. मग कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि म्हणाला, “एका वेळी एकच.”

गुरुवारी बोर्ड बसले. गाडी सोडली. पूल ओलांडला, डाव्या वळशाच्या फटीवर निळी ठिणगी उडाली, बोर्ड टक् वाजला आणि गाडी आत गेली. ताईनं टाळी वाजवायला हात वर केले. परत येताना गाडी बाहेरच्या फटीवर आली आणि खट्. गाडी थांबली, स्टेशनातले दिवे गेले, सगळा मुलूख मेला.

“काय झालं?”

“बघतो.”

त्यानं भिंग घेऊन फटी तपासल्या. एका टोकाची फट मिटली होती. दहा उन्हाळे आणि दहा हिवाळे रूळ सरकत सरकत एकमेकांना येऊन टेकले होते, आणि वरून भाऊजींच्या गोंदाचा थेंब. त्यानं बारीक करवत घातली, फट मोकळी केली, मधे प्लॅस्टिकची चिपटी बसवली. गाडी सोडली. दोनदा गेली, तिसऱ्यांदा खट्.

शिवणवाल्या बाई दारात उभ्या होत्या, गळ्यात मोजायची टेप. म्हणाल्या, “काका, आमच्या शिलाई मशीनसारखंच दिसतंय हे. ग्राहक समोर बसला की अडतं.”

“मग तुम्ही घरी जा,” तो म्हणाला. “बघू चालतं का.”

“बघा! माझ्यावरच ढकला,” असं म्हणून त्या हसल्या आणि गेल्या. तोही हसला. भाऊजी पलंगावरून बघत होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. ताईनं ती टिपली.

शुक्रवारी नवीनच घोडं अडलं. गाडी उजव्या वळशात शिरली की बोर्ड एकदा टक् वाजायच्या ऐवजी थंडीनं दात वाजावेत तसा टकटकटकटक वाजायला लागला, आणि मग सगळं बंद. त्यानं गाडी मोजली, वळसा मोजला. भाऊजींनी इंजिनामागे सात डबे लावलेले. इंजिन बाहेरच्या फटीवर पोचायचं तेव्हा सातव्या डब्याची चाकं अजून आतल्या फटीवरच असायची. चाकं लोखंडी. एक टोक म्हणे वीज अशी फिरव, दुसरं टोक म्हणे तशी फिरव. बोर्डानं बिचाऱ्यानं कुणाचं ऐकावं?

“दोन सासवांची सून झाली की ती,” ताई म्हणाली.

“तसंच. एक डबा काढू?”

ताईनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. त्यातून हो समजायचं की नाही, हे कुणाला कळणार? त्यानं डबा काढला नाही. दीड दिवस घालवून त्यानं फट वीतभर मागे नेली, रूळ उचकटले, जुन्या ठिकाणी सांधा भरला, नवीन जागी कापलं, भुशाचं शेत होतं तसं परत लावलं. भाऊजींचं एक झाड मोडलं, ते चिमट्यानं उभं केलं. शनिवारी संध्याकाळी टकटक थांबली.

पण गाडी बंद पडतच राहिली. आणि आता तर तिला काही ताळतंत्रच उरला नाही. कधी आठ फेऱ्या सुरळीत व्हायच्या, कधी पहिल्याच फेरीला खट्. पक्का बिघाड बरा, तो एका जागी बसून तरी असतो. हा असा येऊन जाऊन असणारा बिघाड माणसाचा जीव टांगणीला लावतो. ताई वाटी घेऊन बसायची, चार घास, पाच घास, सहावा घास ओठाशी, आणि खट्. दात मिटले. तिचा चमचा हवेत. ती भावाकडे बघायची नाही, चमच्याकडे बघत राहायची. तिला रागवायचंही बळ उरलं नव्हतं.

तो तारा तपासत राहिला. सांधे पुन्हा आवळले. रूळ कापडानं पुसले. चाकं पुसली. जिथं तार बारीक होती तिथं जाड घातली. एका वेळी एकच. प्रत्येक गोष्ट केल्यावर गाडी सोडायची, बंद पडेपर्यंत फेऱ्या मोजायच्या, पुढची गोष्ट. एखाद्या गुरुजींनी लिहून ठेवावी अशी त्याची रीत होती, कुणी बोट ठेवू शकलं नसतं.

आणि त्याला गुरुवारपासून ठाऊक होतं. तिसऱ्या पानावरच्या चार ओळी वाचल्या तेव्हापासून. बोर्डाला वीज उलटी करायला पापणी लवेपर्यंतचा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ शॉर्ट सोसावा लागतो. पण मुख्य तारेवर त्याची डबी बसलेली होती, नॉब शून्यावर. शॉर्ट दिसला की ती तोडून मोकळी. बोर्ड आणि डबी यांची प्रत्येक फेरीला शर्यत लागत होती. कधी बोर्ड जिंकायचा, कधी डबी. बाकीचे बिघाड खरे होते, ते काढावेच लागले असते; पण ते काढण्यात तीन दिवस काढले ते डबीकडे जायला नको म्हणून. त्याला हेही ठाऊक होतं की ह्या रुळांतल्या विजेनं मुंगीसुद्धा मरत नाही. ठाऊक असून हात जात नव्हता.

रविवारी दुपारी तो फळीखाली पडलेला असताना ताईनं त्याचा खुंटीवरचा शर्ट धुऊन दोरीवर टाकला. धुण्याआधी खिशात कागद लागला होता. ती तो उघडून खिडकीशी वाचत उभी राहिली. इस्पितळात वीस वर्षं यंत्रांवरच्या सूचना वाचून तिला अशा कागदांची सवय होती.

“धाकल्या.”

“हं.”

“इथं लिहिलंय. ‘मुख्य ब्रेकर बोर्डाच्या आधी पडत असल्यास ब्रेकरची वेळ वाढवावी.’ वेळ वाढवावी म्हणजे काय?”

फळीखालचा पक्कडीचा आवाज थांबला.

“अरे, मी काय विचारते?”

“सावकाश पडू द्यायचा. म्हणजे लगेच नाही तोडायचं.”

“मग ते केलंस?”

“नाही.”

“का?”

“ते नको, ताई. दुसरं काहीतरी निघेल.”

“दुसरं काय निघेल? तीन दिवस तू दुसरंच काढतोयस.” ती खाली वाकली. फळीखाली त्याचा चेहरा अंधारात होता, चष्म्याच्या काचा तेवढ्या दिसत होत्या. “उद्या सोमवार आहे. तुला काय, तू संध्याकाळी तुझ्या घरी जाशील. ह्यांना कुठं जायचंय ते मी सांगितलंय तुला. एका वेळी एकच म्हणतोस ना? मग आता हे एकच राहिलंय. कर.”

तो उताणाच पडून होता. मग स्क्रूड्रायव्हर उचलल्याचा आवाज आला. डबी तोंडाच्या वीतभर वर होती. अकरा वर्षांपूर्वी मिक्सरपुढे उभं राहून त्यानं मनगट जेवढं फिरवलं होतं तेवढंच आताही फिरवायचं होतं, किंबहुना कमीच. अर्धा सेकंद पुरे होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत बसेना, दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि फिरवलं.

“सोड गाडी,” तो म्हणाला.

गाडी सुटली. पूल. डावा वळसा. फटीवर निळी ठिणगी, बोर्ड टक्, स्टेशनातले दिवे किंचित लुकलुकले, आणि गाडी तोंड फिरवून बाहेर आली. उजवा वळसा. टक्. पुन्हा पूल. दहा फेऱ्या झाल्या. वीस झाल्या. ताईनं वाटी आणली. भाऊजींचा जबडा सैल झाला तो सैलच राहिला. एकामागून एक घास जात होते. तिसाव्या फेरीला वाटी रिकामी झाली, ताईनं ती बोटानं पुसून घेतली आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही कळलं नसतं.

“एवढंसं होतं?” ती म्हणाली. “बोटभर नॉब फिरवायचा होता आणि चार दिवस आम्हाला रडवलंस? साबणाच्या कारखान्यातला एवढा मोठा फिटर! काय, चावतो की काय तुला तो नॉब?”

ती हे लाडानं बोलत होती. बऱ्याच दिवसांनी तिला चेष्टा सुचली होती. तो फळीखालून बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला होता. केसांत भुसा. त्यानं हो हो म्हणून हसण्यावारी नेलं असतं तर त्या दिवशी त्या घरात सुखाचं जेवण झालं असतं.

तो म्हणाला, “मिक्सरचा नॉब मी फिरवला होता, ताई.”

“कुठल्या मिक्सरचा?”

मग त्यानं सांगितलं. साहेब काय म्हणाला ते सांगितलं, पण साहेबावर घातलं नाही. शून्यावरून एकावर. नऊ दिवस. पत्र्याला टेकलेला हात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फिरवलेला नॉब. त्याला बोलायला फार वेळ लागला नाही. अकरा वर्षं साचलेलं सगळं एका घोटात बाहेर आलं. गाडी मागे चालूच होती. टक्, पूल, टक्.

ताई रिकामी वाटी मांडीवर धरून बसली होती.

“परत कधी फिरवलास म्हणालास?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी. सातच्या सुमाराला.”

“सातला मी त्याच्या चपला हातात घेऊन ह्या दारात बसले होते,” ती म्हणाली. “ह्या आत ठेवायच्या की बाहेर, ते मला सुचत नव्हतं. तू आलास आणि माझ्या हातातून घेतल्यास. आठला. तिकडून येऊन.”

“हो.”

“आणि दहा वर्षं दर रविवारी ह्यांच्या पायाशी येऊन तारा जोडल्यास.”



ती उठली. भाऊजींचं तोंड पुसलं, मान उशीवर सरळ केली. तिचे हात रोजच्यासारखेच चालत होते, चादर ताणून घड्या मोडणारे, सवयीचे. भावाकडे पाठ करूनच तिनं विचारलं, “आता ही चालवायला कुणी लागत नाही ना?”

“नाही.”

“उद्या मध्येच थांबली तर?”

“नाही थांबणार. थांबलीच तर डबीचं लाल बटण दाबायचं. बाईंना दाखवून ठेवतो.”

“मी दाखवेन.”

“ताई...”

“तुझं काम झालंय ना, धाकल्या? मग ऊठ.” तिचा आवाज चढला नव्हता. “मला आत्ता तुझ्याशी बोलता यायचं नाही. पुढे यायचं की नाही तेही माहीत नाही. पुढच्या रविवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्याही नको.”

तो उठला. पक्कड, चिमटा, करवत, भिंग, एकेक वस्तू पुसून पिशवीत भरली. उरलेल्या तारेचं वेटोळं फळीवर ठेवावं की न्यावं, अशा विचारात क्षणभर थांबला आणि पिशवीत टाकलं. दोरीवरून ओला शर्ट काढून तसाच अंगात घातला. पलंगाशी जाऊन त्यानं भाऊजींच्या पायांना हात लावला. पाय गार होते. भाऊजी त्याच्याकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. ऐकलं त्यांनी सगळं होतं. कान त्यांचे शाबूत होते, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याचा अर्धा भाग आता काहीच सांगत नव्हता, आणि उरलेला अर्धा पहिल्यापासूनच कमी बोलका.

तो बाहेर पडला. रस्त्यावर उन्हं कलली होती. ओला शर्ट पाठीला चिकटलेला, पिशवीच्या वजनानं एक खांदा खाली. शिवणवाल्या बाईंनी मशीन थांबवून विचारलं, “झालं का हो काका? चालली का?” त्यानं मान हलवली आणि थांबला नाही. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या, मग पुन्हा मशीनवर वाकल्या. ताई स्वयंपाकघरात गेली होती. वाटी केव्हाच स्वच्छ झाली होती तरी नळ चालूच होता.

बघत होते ते भाऊजी. समोर गाडी पुलावर आली, ठिणगी उडाली, ती वळली, परत आली. पण भाऊजींची मान उशीवर इंच इंच करत खिडकीकडे फिरली होती. रस्त्याच्या कडेनं एक ठेंगणा माणूस सावकाश चालत जात होता. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत भाऊजींनी डोळा हलवला नाही, आणि वळल्यावरही ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडेच बघत राहिले.